ओल्या लाकडांचा पाहुणचार

मार्चमध्ये, दक्षिण गोलार्धातली थंडी तोंडावर आली असताना, कास्त्रो गावच्या लाकूडवाल्या एरिबेर्तोने एदुविनाच्या माथी गाडीभर ओली लाकडं मारली, तीही सुकी असल्याची मरियामातेची शपथ घेऊन. ती जाब विचारायला गेली, तर मेला चारचौघांत हसला, "बाई, तुम्हाला चूलच पेटवता येत नाही!"

एदुविनाने दुसरीकडून सुकी लाकडं आणली आणि एरिबेर्तोची ओली लाकडं तशीच पावसात जपून ठेवली.

जुलैच्या कडाक्यात त्याच्या मुलीचं तिच्या मुलाशी जमलं आणि तो लग्नाचं बोलायला आला. एदुविनाने त्याला अगदी चुलीजवळ बसवलं, पुढ्यात बटाट्याचे गरम मिल्काओ वाढले आणि राखून ठेवलेली लाकडं चुलीत सारली. घटकाभरात खोली धुराने कोंदली.

"विहीणबाई, धुराडं तुंबलंय तुमचं!" तो खोकत म्हणाला.

"थंडीआधीच झाडून घेतलंय."

"मग खिडकी तरी उघडा!"

"फटी बुजवून ठोकून टाकलीय. आता सप्टेंबरातच उघडेल."

तो डोळे पुसत उठला.

"बसा हो व्याही, तारीख ठरल्याशिवाय उठायचं नाही," म्हणत एदुविनाने आणखी एक ओंडका आत ढकलला. "मला कुठे चूल पेटवता येते? पण शिकतेय. तुमची अर्धी गाडी अजून शिल्लक आहे."