नरसिंह सरांचा कोड परत आला

दिल्लीतल्या मयूर विहारहून चार्टर्ड बसने नोएडाला जाताना सुखदाने मनाशी पक्कं केलं, आज सरांशी बोलायचंच. तिची कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि त्याची माहितीपुस्तिका सुखदा लिहायची. गेल्या आठवड्यात ते सॉफ्टवेअर बसवून देणारा यशोधन लखनौच्या एका रक्तपेढीत गेला, पुस्तिकेत होती ती कमांड दिली आणि सगळं ठप्प झालं. प्रोग्रामरांनी ती कमांड केव्हाच बदलली होती. सुखदाला कुणी कळवलंच नव्हतं.

"तुझ्यामुळे तोंडावर पडलो मी! तिथले बिचारे दिवसभर हाताने नोंदी करत होते," परतल्यावर यशोधन उखडला.

"मला सांगणार कोण होतं? आता कुणी सांगायचंच नाही. कोडनेच सांगायचं."

नरसिंह सर कंपनीचे मालक असले तरी अजून स्वतः कोड लिहीत. ऑफिसात पोचताच सुखदाने त्यांना बेत समजावला. कोड सर्वांच्या सामायिक साठ्यात टाकताना प्रत्येकाने तो काय करतो ते वर दोन ओळींत लिहायचं. तिचा प्रोग्राम त्या ओळी उचलून पुस्तिकेचं पान आपोआप नवं करणार. ओळी नसतील तर कोड परत.

"बिल्कुल! करून टाक."

प्रोग्रामर कुरकुरले, पण सुखदाने महिन्याभरात काम उभं केलं आणि एका सोमवारी सुरूही केलं. दुपारी सर स्वतःच तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"यार, माझाच कोड परत आलाय. उद्या यशोधनला मेरठला जायचंय. जरा वेळ बंद कर ना हे."

आजूबाजूच्या माना वळल्या. सुखदाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "सर, तुमच्यासाठी बंद केलं तर उद्या सगळेच तीच सूट मागतील. दोनच तर ओळी आहेत."

सर पुटपुटत केबिनमध्ये गेले. 'मुदत संपलेल्या रक्तपिशव्या यादीतून काढतो,' असं त्यांनी इंग्रजीत टाइप केलं आणि थबकले. आज ज्यांची मुदत संपते, त्यांचं काय? त्यांनी कोड पाहिला. तो त्याही काढून टाकत होता. चांगलं रक्त एक दिवस आधीच बाद होत होतं.

"सुखदा, इकडे ये!" ते ओरडले. ती धावत गेली, तर सर कपाळाला हात लावून हसत होते. "लिहायला बसलो म्हणून सापडलं. नाहीतर मेरठला माझीच शोभा झाली असती."

त्यांनी चूक दुरुस्त केली, ओळी नीट लिहिल्या. कोड आत गेला आणि पान नवं होऊन आलं. सुखदाने ते यशोधनला वाचायला दिलं. प्रोग्राम ओळी उचलतो, पण वाचणाऱ्याला त्या कळतात का ते त्याला समजत नाही, हे ती जाणून होती.

"कळतंय," यशोधन म्हणाला. "पण रक्तपेढ्यांतले लोक इंग्रजी अडखळत वाचतात गं."

"अच्छा?" म्हणत सुखदा उठली आणि हिंदी पुस्तिकेचा विषय काढायला थेट सरांच्या केबिनकडे निघाली.