चार बोटं मोकळी जागा

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. एका कोपऱ्याला तडा गेलेली, पण अजून ताठ उभी.

बल्लारपूरच्या एका काचवाल्याने मला जोडलं. आरमोरीच्या मिठाईच्या दुकानात माझा केवढा थाट होता! कौतुक मात्र सगळं लाल माशांचं. माझ्या वाट्याला पोरांची पेढ्याने चिकट झालेली बोटं. पुढे दुकानात टीव्ही आला आणि माझी रवानगी गच्चीवर मोडक्या खुर्च्यांत झाली. फार वाईट वाटलं मला.

तिथून स्वातीने मला जवळच्या गावी नेलं. ती धानाची शेती करणाऱ्या सोमाजींची सून. तिने तडा बुजवला, तळाशी रेती अंथरली, पाणवनस्पती लावल्या आणि वर लोंबत्या मुळांची वेल तरंगत सोडली. मग तलावाच्या पाटातून बोटभर मासे आणले. डोक्यावर चांदीचा ठिपका, म्हणून घरात त्यांचं नाव पडलं टिकल्या.

काय सांगू त्यांची ऐट! पाठ सपाट, तोंड वर वळलेलं, सगळा संसार पाण्याच्या वरच्या थरात. कुणाशी भांडण नाही. डास पाण्यावर टेकला की गट्ट! त्यांच्यापुढे ते लाल मासे मला अगदीच फिके वाटू लागले. खोड एकच, उड्या मारायची. म्हणून स्वाती पाणी काठापासून चार बोटं खाली ठेवायची.

एकदा वेलीच्या मुळांना मण्यांसारखी अंडी दिसली. स्वाती हरखून गेली. पिल्लांची तिला केव्हापासून आस होती. पण मार्कंड्याच्या जत्रेला निघायच्या घाईत तिने एवढंच सांगितलं, "मामाजी, टाकीकडे ध्यान ठेवजा."

सोमाजींनी मनापासून ध्यान ठेवलं आणि तिथेच घोळ झाला. जन्मभर धान पिकवलेला माणूस. पाण्याने अर्धीच भरलेली धानाची बांधी त्यांना बघवत नाही आणि बांधीतलं तण तर त्याहून नाही. त्यांनी मला काठोकाठ भरलं, वेल निंदून काढली आणि बैलांच्या पाण्याच्या टाक्यात टाकली. आडोसा गेल्याने घाबरून एका टिकलीने उडी घेतली, ती थेट जमिनीवर! सोमाजींनी तिला ओल्या ओंजळीत उचलून आत सोडलं, माझ्यावर सूप झाकलं आणि कावरेबावरे होऊन शेजारीच बसून राहिले.

स्वाती परतली. "मामाजी, वेल कुठी गेली?"

"तन होतं माय, निंदून टाकलं. बैलाच्या टाक्यात हाये."

"त्याच मुळाईले अंडे होते!" तिचे डोळे भरले.

"मले काऊन नाई सांगतलं व?" म्हातारा पुटपुटला आणि उठून टाक्याकडे धावला. बैलांनी वेलीला तोंड लावलं नव्हतं, अंडी शाबूत होती. वेल तिथेच राहू दिली. त्या दिवसापासून टाकं बैलांना बंद. सोमाजी त्यांना बादलीने पाणी पाजू लागले. पाठ दुखायची, पण बादली दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

एका सकाळी अंगणातून हाक आली, "स्वाती, लवकर ये! पिल्लं निंगाले!" टाक्यात सुतासारखी पिल्लं, पाण्याच्या अगदी वरच्या थरात. स्वाती हसता हसता रडली. मीसुद्धा रडले असते, पण फुटक्या टाकीच्या पाण्याला लोक गळती म्हणतात.

मित्रांनो, जीव पाळाल तर आधी त्याची रीत समजून घ्या. नुसत्या मायेने भागत नाही.

आता पिल्लं मोठी होऊन माझ्यात आली आहेत. पाणी घालण्याआधी सोमाजी काठाखाली चार बोटं लावून मोजतात. त्यांचे मातकट ठसे माझ्या काचेवर उमटतात. ते कुणी पुसू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.