चौतीस चिंध्यांची दोरी

मी दोरी बोलतेय. अंबाडीची, तीन पदरी, अंगावर चौतीस चिंध्या मिरवणारी. तुम्ही म्हणाल, दोरीला कसलं आलंय चरित्र? विहिरीत सोडा, खाटेला बांधा, नाहीतर म्हशीच्या गळ्यात अडकवा, झालं. पण मी शाळेत गुणाकार शिकवते. आमच्या कुळात मास्तरकीपर्यंत पोचलेल्या फार नाहीत, म्हणून थोडी ऐट सहन करा.

माझा जन्म पारोळ्याचा. भिकुबाई नावाच्या बाईनं मला वळलं. अंबाडी भिजवून, आपटून, सुकवून ती पीळ द्यायला बसली की तोंडानं सुनांना शिकवण चालू असायची. सैल दोरी आणि सैल जीभ घरात नको, असं ती म्हणायची. स्वतःची जीभ मात्र तिनं कधी आवळली नाही. माझा पीळ पक्का आहे तो तिच्यामुळे.

यावलकडचा शालिग्राम बैल बघायला म्हणून पारोळ्याच्या बाजाराला आला होता. बैल त्याला पटला नाही, मी पटले. पहिली दोन वर्षं मी गाडीवर कपाशीचे गठ्ठे बांधले. कपाशी पेरण्यात शालिग्रामची निम्मी हयात गेली होती. मग त्याच्या विहिरीला पाणी लागलं आणि शेजाऱ्यांसारखी आपणही केळी लावावी असं त्याच्या मनानं घेतलं. विहिरीजवळचा तुकडा त्यानं कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या लागवडीसाठी, तयार केला. बायको यशोदाबाईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून पाच पाच फुटांवर मला बांधल्या. मला ताणायचं, प्रत्येक चिंधीखाली एक खड्डा घ्यायचा, त्यात केळीचा एक कंद ठेवायचा. ओळ झाली की मला उचलून पुढं सरकवायचं. एका ओळीत चौतीस कंद, आणि तुकड्यात बसणार होत्या सव्वीस ओळी.

याच घरात सुंदर होती, शालिग्रामची थोरली लेक. चौथीत शिकायची. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, ही म्हण माणसांनी आमच्यावरून केली खरी, पण या पोरीला पाहून केली असती तरी चाललं असतं.

त्या वर्षी शाळेत मोठे गुणाकार सुरू झाले. तोताराम गुरुजी अमळनेरचे. माणूस मायाळू, हाताला छडीची सवय नाही. ते फळ्यावर दाखवायचे की आधी एकंच्या आकड्यानं गुणा, मग खालच्या ओळीत एकंच्या घरात फुली मारा, आणि दहंच्या आकड्यानं गुणून आलेलं उत्तर एक घर डावीकडे मांडा. वर्गानं माना डोलावल्या. सुंदर उभी राहिली. ती फुली कशासाठी, असं तिनं विचारलं. गुरुजी म्हणाले, तशी रीत आहे. तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशीही विचारलं. गुरुजींनी पुस्तक चाळलं, हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तरही म्हणाले, रीत.

मग सुंदरनं सांगून टाकलं, "कारन कळल्याबिगर मी फुली मारनार न्हाई." आणि ती शाळेतच जाईनाशी झाली.

ओसरीत पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होते. यशोदाबाईला बरंच वाटलं, धाकट्याला सांभाळायला हात मिळाला. शालिग्रामला वाईट वाटत होतं, पण लेकीपुढं त्याचं काही चालायचं नाही. गुरुजी दोनदा येऊन चहा पिऊन गेले. चौथीची परीक्षा हुकली की पोर कायमची घरी बसणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण कारण विचारल्यावर ते पुन्हा रीतच सांगायचे, आणि सुंदर आत निघून जायची.

लागवडीचा दिवस आला. कंद किती आणायचे, हे शालिग्रामनं लेकीलाच विचारलं. तिनं ओसरीतच पाटीवर गुणाकार मांडला, अर्थात फुली न मारता, आणि सांगितलं, दोनशे बहात्तर. जन्मात केळी न लावलेल्या शालिग्रामला गाडीतला ढीग पाहून तो भरपूरच वाटला.

त्या दिवशी रविवार होता. गुरुजी पुन्हा समजूत घालायला थेट वावरात आले. गडी कमी होते. शालिग्रामनं रामराम केला आणि माझं एक टोक त्यांच्या हातात दिलं. दुसरं टोक सुंदरकडे होतं. सुंदर त्यांच्याकडे बघत नव्हती, पण मला ताणताना दोघांनाही जोर लावावाच लागत होता. ओळीमागून ओळ सरकत गेली.

आठवी ओळ पुरी झाली आणि शालिग्राम गाडीकडे गेला. गाडी रिकामी. एक कंद उरला नव्हता की एक कमी पडला नव्हता. पुढं सगळं वावर तसंच उघडं पडलेलं.

यशोदाबाईनं कपाळाला हात लावला आणि पोरीच्या हिशेबावर विसंबणाऱ्या नवऱ्याचा उद्धार केला. सुंदरचा चेहरा उतरला. तिनं माझं टोक सोडलं, काडी घेतली आणि मातीतच पुन्हा गुणाकार मांडला. चौतीस गुणिले सव्वीस. सहानं गुणून दोनशे चार. त्याच्याखाली, घर न सोडता, दोननं गुणून अडुसष्ट. बेरीज दोनशे बहात्तर. गुरुजी वाकून बघत होते. फुली कुठाय, हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण ते त्यांनी गिळलं. त्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

सुंदर मातीकडे बघायची, लावलेल्या ओळींकडे बघायची, पुन्हा मातीकडे. मग हळूच म्हणाली, "सहा आन् दोन आठ. आठच वळी झाल्या, गुरुजी. ते दोन न्हाई, त्या वीस वळी हायेत."

गुरुजी बांधावर खाली बसले. त्या अडुसष्टावर बोट ठेवून ते मनाशी हिशेब जुळवू लागले. दोन ओळींचे अडुसष्ट, तर वीस ओळींचे सहाशे ऐंशी. फुलीच्या जागी खरं तर शून्य होतं. कुणीतरी कधीतरी ते लिहायचा कंटाळा केला असणार.

"मंग तुमी मले हे सांगितलं काहाले न्हाई?" सुंदरनं विचारलं.

"मलाच ठाऊक नव्हतं, पोरी," गुरुजी म्हणाले. "इतकी वर्षं शिकवतोय, आणि आज तुझ्याबरोबर कळलं."

सुंदरनं अडुसष्ट पुसले आणि तिथं सहाशे ऐंशी लिहिले. बेरीज आठशे चौऱ्याऐंशी. शालिग्राम दुसऱ्यांदा गाडी जुंपायच्या तयारीला लागला, आणि यशोदाबाईनं निकाल दिला, "जाऊ द्या तिले शाळेत. घरी राह्यली तं सारं वावर टकलं ठेवीन."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. फुली तिनं शेवटपर्यंत मारली नाहीच, सरळ शून्य लिहायची, आणि गुरुजी त्यावर बरोबरची खूण करायचे.

लागवड उरकली तशी गुरुजींनी मला मागून नेलं. तेव्हापासून मी शाळेत आहे. दरवर्षी चौथीची पोरं मला अंगणात ताणतात, चिंधीखाली चिंचोके मांडतात, मला सरकवतात. एखादा वीस ओळींना दोन म्हणाला की अख्खा वर्ग त्याला हसतो आणि तोही हसतो. सुंदर सातवी पास झाली. आता ती धुळ्याला मास्तरीण व्हायचं शिकतेय.

आता साठ साल आहे. माझा एक पदर तुटलाय, चिंध्यांचा लाल रंग विटून मातकट झालाय. वर्षातला बराच काळ मी वर्गाच्या खुंटीवरच असते. तक्रार नाही. इथून सगळं ऐकू येतं.

परवा लता नावाची एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, चौतीसले शून्यानं गुनलं तं चौतीस जातात कुठी?"

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात. रीत हा शब्दही त्यांनी काढला नाही. ते म्हणाले, "मला नीट सांगता यायचं नाही, लता. चल, शोधू." चिंचोक्यांचं डबडं घेऊन दोघं अंगणात गेले. आजही मधल्या सुटीत तिथंच आहेत.

मला उत्तर ठाऊक आहे. माझ्या अंगावर चौतीस चिंध्या आहेत, पण मी खुंटीवर आहे. जमिनीवर ओळ एकही नाही, म्हणून चिंचोका एकही नाही. चौतीस कुठंच गेलेले नाहीत. कुणीतरी ताणायला येईल म्हणून माझ्यासंगं वाट बघत बसलेत.

पण मी बोलणार नाही. दोघं दमून आत येतील, कधीतरी मान वर करतील, आणि त्यांचं त्यांना दिसेल. तोवर तुम्हीही त्यांना सांगू नका.