बारावा बैल

मी एक म्हातारा बैल आहे. वय वर्षे चौदा. अंग तांबडे आणि तोंड पांढरे, अशा बैलाला आमच्या भाषेत थामागा म्हणतात, तेच माझे नाव. मित्रांनो, बैल म्हटले की डोळे मिटून रवंथ करणारा गरीब प्राणी तुमच्यासमोर उभा राहत असेल. मी तसा नाही. मला स्वस्थ उभे राहताच येत नाही. बांधून ठेवले तरी मी आळीपाळीने पाय उचलत राहतो, आणि माशी बसायच्या आधीच शेपूट हलवतो. तेव्हा माझी गोष्टही मी जरा घाईनेच सांगणार आहे. सांभाळून घ्या.

ज्या वर्षी आमचा मोलापो देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी मी जन्मलो. राजधानीत गोऱ्यांचा झेंडा उतरला, आमचा चढला, आणि तिसऱ्या दिवशी आमचे पहिले राष्ट्राध्यक्ष कोट काढून ठेवून आपल्या गुरांच्या तळावर आले. माझी आई अडली होती. गुराखी हात टेकून बसले होते. राष्ट्राध्यक्षांनी बाह्या सरसावल्या आणि माझे पुढचे पाय धरून मला बाहेर ओढले. देशाच्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या वेळी त्यांचा सदरा तेवढा खराब झाला.

त्यांना सगळे रा-केबोनांग म्हणत. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला ‘रा’ म्हणतात आणि बाईला ‘मा’. गुराखी त्यांच्या गोष्टी सांगत आणि मी कान टवकारून ऐकत असे. ते राजाचे थोरले चिरंजीव. गोऱ्या गव्हर्नराने त्यांना नऊ वर्षे देशाबाहेर ठेवले. परत आल्यावर ते म्हणाले, “गादी धाकट्याला द्या. लोकांनी निवडलं तर देश चालवीन, नाही निवडलं तर गुरं राखीन.” लोकांनी निवडले. गुरेही राहिलीच.

मग धुळीने माखलेल्या एका जीपमधून ते गावोगाव फिरू लागले. झाडाखाली बसायचे आणि विचारायचे, पाणी आहे का, शाळा आहे का, दवाखाना किती लांब आहे. उत्तर देणारा अडखळला तरी थांबायचे. मात्र हातातली टोपी सारखी गोल फिरवत राहायचे. त्यांनाही स्वस्थ बसवत नसे. मला ते आवडायचे ते यासाठीच.

मी तीन वर्षांचा झालो तेव्हा त्यांच्या कारभाऱ्याने, डिटिरोने, मला आणि तीन गायींना मोसेत्ले गावच्या मा-सेगोकडे नेऊन सोडले. ज्याच्याकडे गुरे फार, तो ती दुसऱ्याच्या घरी राखायला देतो. याला माफिसा म्हणतात. दूध आणि नांगरट राखणाऱ्याची, गुरे मालकाची. आणि दर तीन-चार वर्षांनी एक वासरू राखणाऱ्याला द्यायचे, ही रीत. ती कुठे लिहिलेली नाही, त्यामुळे विसरायला सोपी.

मा-सेगो विधवा होती. घरात ती आणि तिची मुलगी सेगो, दोघीच. बाईची जीभ म्हणजे काटेरी कुंपण! नांगराला जुंपले की ती मला म्हणायची, “चला राष्ट्राध्यक्ष, चला! उभं राहून देश चालत नाही!” शेजारची शेते खदखदून हसत. पण दोन वर्षे ओळीने पाऊस आला नाही, तेव्हा हीच बाई झाडावर चढून माझ्यासाठी कोवळा पाला तोडत होती. ज्वारीची पेज इतकी पातळ व्हायची की सेगो म्हणायची, “आई, यात माझं तोंड दिसतंय.” माझ्या खुरात काटा मोडून पू झाला तेव्हा मा-सेगोने महिनाभर रोज जखम धुतली. मी लाथ मारली तर तिने मलाही एक ठेवून दिली, आणि पुन्हा धुवायला बसली.

डिटिरो वर्षातून एकदा यायचा. माझे दात बघायचा, पाठ थोपटायचा. “साहेबांचा बैल झकास आहे,” म्हणायचा. वासराचे नाव काढत नसे. मा-सेगोने तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा तो म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” अशी अकरा वर्षे गेली.

मग रा-केबोनांग यांनी देशाला हाक दिली. आमच्याकडे शिक्षक घडवणारी एकही मोठी शाळा नव्हती. ते म्हणाले, “परक्यांपुढे हात पसरला तर शाळेवर त्यांचं नाव लागेल. घरटी एक जनावर द्या. शाळा तुमची होईल.” देणाऱ्याचे नाव गावसभेत मोठ्याने पुकारायचे असे ठरले. सेगो गावातली सर्वांत हुशार मुलगी. पहिल्याच तुकडीत ती बसणार, असे तिचे मास्तर म्हणत होते. मा-सेगोच्या घरी मात्र स्वतःची म्हणावी अशी एक कोंबडीही उरली नव्हती.

सभेच्या दिवशी तिने मला पहाटेच धुतले. तिच्या मनात काय आहे ते मला कळेना, आणि माझे पाय जास्तच नाचू लागले. ओंडक्यांच्या अर्धगोल कुंपणात गाव जमले होते. राष्ट्राध्यक्ष मधल्या बुटक्या खुर्चीवर होते. ते स्वतः बारा बैल देणार होते, त्यांतले अकरा बाहेर बांधलेले. डिटिरो बाराव्याची, म्हणजे माझी वाट बघत होता. मा-सेगो मला घेऊन त्याच्यापुढून सरळ कुंपणात शिरली.

“मा-सेगोच्या घरचा एक बैल,” ती म्हणाली. “पुकारा.”

डिटिरो धावत आला. “अगं ए बाई, डोकं फिरलं का तुझं? हा साहेबांचा बैल! साहेबांच्या बारांत मोजलाय मी!”

लोक हसले. एक म्हातारा ओरडला, “मा-सेगो, राष्ट्राध्यक्षांचा बैल राष्ट्राध्यक्षांसमोरच देतेस? उद्या त्यांची टोपी देशील!”

“टोपी मी धुतली असती अकरा वर्षं, तर तीही दिली असती,” ती म्हणाली. पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो तिच्या बाजूचा होता.

मग ती राष्ट्राध्यक्षांकडे वळली. “रा, तीन गायी आणि हा, अकरा वर्षं राखले. गायींना वासरं झाली, सगळी तुमच्या तळावर गेली. रीतीप्रमाणे त्यातली तीन माझी. एकही आलं नाही. मी म्हटलं, एका वासराच्या जागी हा बैल धरते. आता सांगा, माझं चुकलं का?”

मित्रांनो, जमा झालेली जनावरे आगगाडीने खाटकाकडे जाणार आणि त्या पैशांतून शाळा उभी राहणार, हे मला ठाऊक होते. कुणाच्याही नावाने गेलो तरी गाडी तीच. तरी मी पाय आपटत होतो. मला मा-सेगोच्या नावाने जायचे होते.

आमच्या सभेत मोठा माणूस सर्वांत शेवटी बोलतो. रा-केबोनांग टोपी फिरवत सर्वांचे ऐकत राहिले. शेवटी उठले आणि हसून म्हणाले, “मा, भांडण कशाला? बैल तुम्हाला दिला. आता तुम्ही तो शाळेला द्या.”

केवढ्या टाळ्या पडल्या! बायका आनंदाने किंचाळल्या. मलाही वाटले, भांडण मिटले. पण मा-सेगो जागची हलली नाही.

“नको, रा.”

टाळ्या थांबल्या. डिटिरो दातओठ खात म्हणाला, “आता आणखी काय हवंय तुला?”

“दान नकोय मला. दान घेऊन दान दिलं, तर शाळेत माझं काय गेलं? उद्या माझी सेगो तिथे बसेल. कुणी म्हणायला नको, ही राष्ट्राध्यक्षांच्या मेहेरबानीवर बसलीये. तिला तिच्या घरच्या बैलावर बसू दे. रा, दिला म्हणू नका. तो माझाच होता म्हणा.”

मी राष्ट्राध्यक्षांच्या अगदी जवळ उभा होतो. त्यांचा जबडा आवळला होता. ज्या माणसाने गादी सोडली होती, त्याला हे एक वाक्य जड जात होते. मला त्यांचा राग आला. मग दया आली. मला जगात आणणारे हात ते, आणि आता ते टोपीची कड चुरगाळत होते.

“डिटिरो,” ते म्हणाले, “या घराला किती वासरं दिलीस?”

“रा... तुम्ही कधी विचारलंच नाही.”

“नाही विचारलं.” त्यांनी टोपी खुर्चीवर ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. “देशभर पाणी विचारत फिरलो, दवाखाना विचारत फिरलो. माझ्या गुरांमागे कोण चालतं, ते विचारलं नाही. हा बैल मा-सेगोंचाच आहे. चूक माझी. माझ्या नावावर अकरा पुकारा.”

पुकारणाऱ्याने आधी तिच्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि छाती भरून हाक दिली, “मा-सेगोच्या घरचा एक बैल!” सेगो तोंडावर हात घेऊन रडत होती. मा-सेगो रडली नाही. जाता जाता ती वळून म्हणाली, “आणि रा, बाकीची दोन वासरं आता बैल झाली असतील, ती पेरणीच्या आत पाठवा. मला नांगर कोण ओढून देणार?”

राष्ट्राध्यक्षांना हसू आवरेना. “पाठवतो, मा. मी स्वतः घेऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी आम्हाला स्टेशनावर आणले. मा-सेगो माझ्याबरोबर चालत आली. तिने यायलाच हवे असे नव्हते. आता डब्याला फळी लावली आहे. अकरा बैल चढले. मित्रांनो, माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून एवढेच सांगतो. ज्या गाईचे दूध तुम्ही पिता, ज्या शाळेत तुम्ही बसता, तिच्यामागे कोण चालले ते विचारा. त्याला अकरा वर्षे लावू नका.

मी फळीपाशी अडलो आहे. पाय पुढे पडत नाहीत. हमालाने काठी उगारली, आणि मा-सेगो मध्ये घुसली.

“ए बाबा, हळू! बैल नाहीये तो. शाळा आहे. शाळेला काठी मारतात का?”

हमालाने काठी खाली घेतली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पहिला पाय फळीवर ठेवला.