जाड होत गेलेली रेघ

पत्रेवाल्याच्या शेडमध्ये दोन माणसांशिवाय काम व्हायचं नाही. एकाने पत्रा धरायचा, दुसऱ्याने हँडल फिरवायचं. धरणारा तो, फिरवणारी त्याची बायको. दिवसभर तो कारखान्यात पत्रा कापायच्या मोठ्या मशीनवर असायचा. घरी आला की चहा पिऊन मागच्या शेडमध्ये शिरायचा आणि ती हात पुसत त्याच्यामागून जायची. जुन्या गाड्यांच्या गंजून गेलेल्या तळांच्या जागी नवे तळ, हत्यारांच्या पेट्या, लोक सांगतील ते तिथे तयार व्हायचं. कारखान्यात तो एका मशीनवरचा माणूस होता. शेडमध्ये मालक होता, आणि हे त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

शेडमधलं खरं वैभव म्हणजे बीडिंगचं मशीन. एकावर एक दोन रोलर, एकाला उंचवटा, दुसऱ्याला खोबण. त्यांच्यामधून पत्रा सरकला की त्यावर बोटाएवढी उठावाची रेघ उमटते. ती रेघ नसेल तर पत्रा गाडीत थडथडत राहतो, असली की मुकाट बसतो.

"माणसाचंही तसंच आहे," तो म्हणायचा.

"मग एकदा तुम्हालाच घालून काढू मशीनमधून," ती म्हणायची.

तो "चल" म्हणाला की ती फिरवायला लागायची, "थांब" म्हणाला की थांबायची. इतक्या वर्षांत तिला हँडलकडे बघावं लागत नव्हतं. तिची नजर असायची पत्र्यावर आखलेल्या रेघेवर, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

पूर्वी तो खिळ्याच्या टोकाने पत्र्यावर नुसता ओरखडा काढायचा. हँडलपासून तिला तो धड दिसायचाही नाही; त्याला दिसायचा. मग पेन्सिल आली. पेन्सिलीनंतर मार्कर, त्यानंतर दुकानदाराकडे होता तो सगळ्यांत जाड मार्कर. आता तो पांढरी चिकटपट्टीच लावत होता. "काम पटापट उरकतं," तो म्हणाला होता. तिने विश्वास ठेवला, कारण तिला ठेवायचा होता.

पट्टी असूनही पत्रा भरकटायचा. मग ती हँडल थांबवायची. तो अंगठ्याने पट्टीची कड चाचपायचा, पत्रा वळवायचा आणि पुन्हा "चल" म्हणायचा.

"हँडल जड झालंय," ती सांगायची.

"ऑइल घालतो."

ऑइलचा डबा संपत आला होता. हँडल कधीच जड नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. पण एकाने झाकायचं आणि दुसऱ्याने डोळेझाक करायची, असा संसार बरेच दिवस चालतो. यांचाही चालला असता.

पण त्या रविवारी सकाळी कारखान्याचे कपडे धुवायला काढताना तिला खिशात त्याचा हातमोजा सापडला. डाव्या हाताचा. मधल्या बोटाचं टोक नव्हतं.

"फाटला कुठेतरी अडकून," तो म्हणाला.

फाटलेल्या कापडाला दोरे लोंबतात. याला एकही दोरा नव्हता. काठ सरळ होता, पत्रा कापल्यावर असतो तसा. इतकी वर्षं पत्र्यांत काढलेल्या बाईला कापलेलं आणि फाटलेलं कळणार नाही, असं त्याला वाटलं तरी कसं?  त्याचं बोट शाबूत आहे ना, हे तिने तो पेपर धरून बसला होता तेव्हा हळूच पाहून घेतलं. पेपर त्याने नाकाला लावला होता.

"डोळे दाखवून या," ती म्हणाली.

"नंबर बदलला असेल. बघू."

'बघू' म्हणण्यात या माणसाचा हात कोणी धरला नसता. उद्या सोमवार होता. उद्या तो पुन्हा त्या पात्यापुढे उभा राहणार होता, आणि तिथे हँडल थांबवायला ती नसणार होती.

दुपारी जीपवाल्या मास्तरांचं काम घ्यायचं होतं. मास्तरांनी निवृत्तीनंतर एक मोडकी जीप घेतली होती आणि घरच्यांचा जीव खाल्ला होता. तिच्या तळाचा पत्रा कापून तयार होता. वर पांढरी पट्टी लावलेली होती.

"चल," तो म्हणाला.

ती फिरवू लागली. वीतभर रेघ पट्टीवरून नीट गेली. मग पत्रा हळूहळू डावीकडे कलला. तिचा हात सवयीने थांबायला निघाला. तिने तो थांबू दिला नाही. रेघ पट्टीच्या बाहेर पडली. ती फिरवत राहिली. चांगला पत्रा तिच्या डोळ्यांदेखत वाया जात होता आणि तिला रडू येत होतं, पत्र्यासाठी नव्हे. पत्रा दुसऱ्या टोकाने बाहेर आला.

त्याने उठावावरून तळवा फिरवला. उठाव गुळगुळीत होता, कुठेही दचकलेला नव्हता.

"झकास आली," तो म्हणाला. "आज हँडल हलकं होतं ना?"

ती हँडल सोडून त्याच्याजवळ गेली. त्याचं बोट धरून तिने पट्टीवर ठेवलं, मग उचलून उठावावर ठेवलं. मध्ये चार बोटांचं अंतर होतं. तो ते अंतर परत परत चाचपत राहिला, जणू चाचपून ते कमी होणार होतं.

"तू थांबवलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"उद्या तिथे कोण थांबवणार आहे?"

त्याला राग आला. पत्रा फुकट घालवला, मास्तर येतील, माझी लाज काढायची होती का, असं तो बरंच बोलला. तिने ऐकून घेतलं आणि कमरेला खोचलेला हातमोजा काढून त्याच्या हातात दिला. त्याने कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"मधोमध काळा डाग दिसतो," तो म्हणाला. "जिकडे बघावं तिकडे डाग. कडेचं दिसतं. कारखान्यात मी आवाजावर कापतो."

"किती दिवस?"

"पेन्सिल घेतली तेव्हापासून."

म्हणजे तिला वाटत होतं त्याच्याही आधीपासून. तिला त्याची कीव आली आणि त्याला दोन धपाटे घालावेसेही वाटले.

तेवढ्यात मास्तर आलेच. त्यांनी पत्रा उचलला, तिरका धरला आणि चष्म्यावरून बघितलं.

"पत्रेवाले, हे काय हो? रेघ कुठे निघाली फिरायला?"

ती पुढे झाली. हँडल सटकलं, माझी चूक झाली, असं ती सांगणार होती. शब्द ओठांवर आले होते. पण तो आधी बोलला.

"मला दिसत नाही, मास्तर," तो म्हणाला. "उद्या कारखान्यातही सांगणार आहे. पत्रा दुसरा करून देतो. बसा."

मास्तर स्टुलावर बसले.

त्याने नवा पत्रा काढला, चाचपून तिच्या हातात दिला आणि स्वतः हँडलपाशी जाऊन उभा राहिला. तिथे तो कधी उभा राहिला नव्हता; मूठ कुठे आहे ते शोधावं लागलं. तिने खिळा घेतला आणि पत्र्यावर बारीक ओरखडा काढला, तो काढायचा तसा. मग तिने पत्रा रोलरमध्ये लावला. तो मान तिच्या दिशेला वळवून वाट बघत होता.

"चल," ती म्हणाली.