एका बटाट्याला किती गाड्या

"रस्ता तुझा फोन सांगेल गं, त्यात काय. पण लुएलाला विचारायचं सोडू नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. माझा मोबाइल त्यांच्या हातात होता. त्यावरच्या लाल-हिरव्या रेघांकडे त्या, परक्या पोराचं प्रगतिपुस्तक बघावं, तशा बघत होत्या.

"आई, यात सगळा रस्ता दिसतो. अगदी पुलापासून समुद्रापर्यंत. मावशींच्या खिडकीतून असा कितीसा दिसणार?"

"दिसतो म्हणून विचारतो का आपण?"

मी हसले आणि माझ्या लेकीच्या, हॅटीच्या पाठीला क्रीम चोळत राहिले. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच हिवाळ्यात सासूबाई गेल्या.

आम्ही अमेरिकेत बाल्टिमोरच्या बाजूला राहतो. उन्हाळा आला की इथे घराघरात दोनच विषय असतात. समुद्रकाठच्या ओशन सिटीला भाड्याचं घर कुठल्या आठवड्याचं मिळालं, आणि खाडीवरचा पूल कधी ओलांडायचा. शुक्रवारी दुपारी निघालात तर पोरं पुलावरच मोठी होतात. तरीही सगळे शुक्रवारी दुपारीच निघतात.

रॉसच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या घरचे मात्र कधी अडकले नाहीत, कारण त्यांच्याकडे लुएलामावशी होत्या. सासूबाईंची थोरली बहीण. पुलाच्या पलीकडे तासाभरावर, हमरस्त्याला अगदी लागून त्यांचं छोटं पांढरं घर होतं. कोंबड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं उभं राहून त्यांनी कोंबड्या कापल्या. बोटं आखडली तेव्हा सुटल्या. मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. स्वयंपाकघरातल्या मोरीवरच्या खिडकीतून हमरस्ता दिसायचा, आणि सुट्टीला निघायच्या दिवशी सकाळी आमच्या घरून त्यांना फोन जायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी तो फोन माझ्या कानाला लावला होता.

"मावशी, मी ग्वेन. रस्ता कसा आहे?"

"थांब, बटाटा घेते."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. पलीकडून नळाचा आवाज, मग साल निघाल्याचा खर्रखर्र, आणि मधूनमधून पुटपुटणं. दोनेक मिनिटांनी त्या फोनवर आल्या.

"बटाट्याला चौदा. त्यातल्या तीन गाड्यांवर सायकली बांधल्यात, म्हणजे समुद्राचेच. आत्ता निघालात तर जमेल. वीसच्या वर गेलं की घरीच बसायचं आणि पाय बादलीत बुडवायचे. तोही समुद्रच."

त्यांच्या आखडलेल्या बोटांना एक बटाटा सोलायला नेहमी तेवढाच वेळ लागायचा. घड्याळापेक्षा पक्का हिशेब. मग वाटेत आम्ही त्यांच्याकडे थांबायचो. मुलांची शू व्हायची, टोमॅटोचे सँडविच व्हायचे, त्याच बटाट्यांची कोशिंबीर व्हायची. आमच्या पेटीत त्या बर्फ भरून द्यायच्या आणि माझी थट्टा करायच्या.

"काय गं ग्वेन, पोराला एकच टोपी? ऊन खालून आलं तर?"

एकदा हॅटीने विचारलं, "मावशीआजी, तू का नाही येत?"

"मी कुठे बसू? तुझ्या आईने गाडीत बंगला भरलाय."

सगळे हसले. मीही हसले. गाडीत खरंच जागा नव्हती. तिथून समुद्र जेमतेम तासावर, आणि मावशींनी शेवटचा बघितला त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. हे त्यांनी त्याच हसण्यात सांगितलं. "पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणाले. पुढच्या वर्षी ओवेन झाला. बाळाची एक खुर्ची वाढली.

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगते. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय मी ते मुलांना देत नाही. किनाऱ्यावर लाटांच्या धोक्याचं निशाण कुठल्या रंगाचं आहे हे बघितल्याशिवाय पाय ओला करू देत नाही. ओवेन झोपला की पाळण्यावरचा कॅमेरा मला फोनवर त्याचा श्वास दाखवतो, आणि तरी मी उठून बघून येते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं.

या उन्हाळ्याची आखणी मीच केली. गेल्या तीन वर्षांत कुठल्या वारी किती वाजता किती गर्दी होती, ते काढून तक्ता केला. गुरुवार, सकाळी अकराला निघायचं. मंगळवारी मावशींचाच फोन आला.

"कधी निघताय? बटाटे आणून ठेवलेत."

"मावशी, यंदा तुम्हाला त्रासच नको. फोन मिनिटामिनिटाला सांगतो."

"मिनिटामिनिटाला?" त्या म्हणाल्या. "चांगलंय की. मग त्याला बटाट्याची कोशिंबीरही करायला सांग."

"गुरुवारी थांबणार आहोत हो आम्ही. बाळ जागं असलं तर."

"बाळाला विचार मग," त्या म्हणाल्या. "अंगणातला पंखा सुरू करून ठेवते. भयंकर उकडतंय इकडे."

गुरुवारी सकाळी रॉसने चप्पल शोधता शोधता विचारलं, "मावशीला फोन केलास?"

"तुझी मावशी आहे. तू कर ना."

"नेहमी बायकाच करतात म्हणून विचारलं."

कुणीच केला नाही.

पूल झर्रकन ओलांडला. रॉस शीळ घालत होता. एकच्या सुमारास फोन बोलला की पुढे गाड्या तुंबल्यात, आतल्या शेतरस्त्याने गेलात तर अकरा मिनिटं वाचतील. तो शेतरस्ता मावशींच्या घराअलीकडे सुटतो आणि घर मागे पडलं की पुन्हा हमरस्त्याला लागतो.

"मावशी?" रॉसने आरशातून माझ्याकडे बघितलं.

ओवेन झोपला होता. मान एका बाजूला, तोंड उघडं. मी त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघितला.

"झोपलाय. येताना थांबू."

"वाट बघत असेल."

"मग तू उठव त्याला, आणि पुढचा तासभर तूच सांभाळ."

रॉसने गाडी आत वळवली. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपण किती हुशार, असं मला वाटलं. मावशींचं घर तेव्हा आमच्या डाव्या हाताला दीड मैलावर होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही वाळूत होतो. रॉसचा फोन वाजला. इस्पितळातून होता. आदल्या दिवशीचं टपाल पेटीतच दिसलं म्हणून टपालवाल्या बाईने खिडकीतून डोकावून बघितलं होतं. मावशी मोरीपाशी पडलेल्या. मेंदूचा झटका. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सबंध एक दिवस त्या फरशीवर होत्या. नळ डोक्यावर तीन फुटांवर ठिबकत होता.

"कधी पडल्या असतील?" मी डॉक्टरांना नंतर विचारलं. मला आकडा हवा होता.

"गुरुवारी दुपारी बारा ते एकच्या मध्ये. पहिल्या दोन-तीन तासांत आणलं असतं तर..." ते बोलायचे थांबले. चांगला माणूस होता.

त्या शुक्रवारी रॉस एकटाच गाडी घेऊन गेला. मी मुलांपाशी राहिले. संध्याकाळी त्यांना किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर नेलं आणि व्हिनेगर घातलेले तळलेले बटाटे खायला घातले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. हॅटीने विचारलं, बाबा कुठे गेला? मी म्हणाले, मावशीआजीकडे. "आणि आपल्याला नाही नेलं?" ती रडायला लागली.

पुढच्या आठवड्यात मावशींचे कपडे आणायला मी त्यांच्या घरी गेले. अंगणात दुमडत्या चार खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि पंखा अजून फिरत होता. स्वयंपाकघरात झाकलेल्या पातेल्याला वास सुटला होता. खिडकीच्या कट्ट्यावर अर्धा सोललेला बटाटा होता, काळा पडलेला, सुरकुतलेला. शेजारी लिफाफ्याची पाठकोरी बाजू, आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं:

नऊ वाजता, आठ.
दहा, अकरा.
अकरा, तेरा.
बारा, सतरा. लवकर निघा म्हणावं.

त्याखाली नुसत्या उभ्या रेघा होत्या. सहावी रेघ वाकडी होत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

कुणीही विचारलं नव्हतं. आम्ही विचारलंच तर हाताशी असावं, म्हणून त्या सकाळपासून मोजत होत्या.

मी तो लिफाफा रॉसला दाखवला. त्याने तो उलटापालटा करून बघितला. मग म्हणाला, "फोनची तरी काय चूक? त्याने बरोबरच सांगितलं होतं." तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून बोलतो.

मावशी आता त्यांच्याच गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात आहेत. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून मागची भिंत दिसते, आणि तिच्यावर बसवलेलं एसीचं यंत्र. हमरस्त्याच्या बाजूची खोली मागितली. रांग आहे म्हणाले.

पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मी मनात खूप काही जुळवून गेले होते. त्यांनी मला काही बोलूच दिलं नाही. तोंडाची एक बाजू ओढत, एकेक शब्द गोळा करत त्यांनी विचारलं, "रस्ता... कसा... होता?"

"मोकळा होता, मावशी."

"छान," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने त्यांनी ओवेनची टोपी चाचपली. मग हवेत दोन बोटं दाखवली. मला कळायला वेळ लागला. दुसरी टोपी कुठे, म्हणून विचारत होत्या.

मी महिन्यातून एकदा जाते. जायला दोन तास, यायला दोन, त्यात दोन मुलं. ही कारणं आहेत. कारणं माझ्याकडे तेव्हाही होती.

तुमच्यातलं कुणी या उन्हाळ्यात समुद्राला जाणार असेल, फोन म्हणेल त्या दिवशी आणि फोन म्हणेल त्या वेळी निघा. पण पूल मागे पडल्यावर तासाभराने पेट्रोल पंपामागे एक बसकी विटांची इमारत लागते, तिथे अकरा मिनिटं थांबा. दारावरच्या बाईला लुएलामावशींचं नाव सांगा, ती खोली दाखवेल. मावशी तुम्हाला ओळखणार नाहीत, पण रस्ता कसा होता ते विचारतील. खरं काय ते सांगा, गाड्या किती होत्या तेही सांगा. आणि निघताना एवढंच बघा. तिथल्या पोरी घाईत असतात, पाण्याचा पेला उजवीकडच्या टेबलावर ठेवून जातात. तो डाव्या हाताला आहे ना, तेवढं बघा.