विमल सिस्टरचं उपकेंद्र

“आई, खालून मोजायला लागलं, तर आपला देश लवकर सापडतो,” अपूर्व फोनवर हसत म्हणाला.

विमलला हसू आलं नाही. मुलगा लंडनच्या एका संस्थेत होता. विषमता कमी करायला कोणता देश किती झटतो, याची क्रमवारी लावणं हे त्याचं काम. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बाकीचे दिवस राजूरच्या त्या दोन खोल्यांत बोलायला कुणी नसायचं, म्हणून ती वाद टाळायची. आज तिला राहवलं नाही.

“कोणी झटतच न्हाई म्हणतोस? मंग मी इतकी वर्षं काय करून राह्यले होते? भर पावसात बाळंतिणीकडं चिखल तुडवत गेल्ते.”

“तुझ्याबद्दल नाही गं. सरकार आरोग्यावर काय खर्च करतं, ते बघतो आम्ही. तू निवृत्त झाल्यावर त्या आरोग्य उपकेंद्रात कोण आहे, हा प्रश्न आहे.”

“नवीन सिस्टर असंल की! तू बघितलं न्हाईस अन् नंबर देऊन मोकळा.”

तिनं फोन ठेवला. मग पुढच्या रविवारी तो करेल की नाही, या काळजीनं तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती एसटीनं आपल्या जुन्या नोकरीच्या गावी गेली. नव्या बाईच्या कामात लुडबूड नको म्हणून निवृत्तीनंतर ती तिकडं फिरकली नव्हती. उपकेंद्राला नवा रंग दिला होता, फरशी बसवली होती. दाराला कुलूप होतं. पायरीवर तृप्ती तान्ह्याला घेऊन बसली होती. तिची थोरली विमलच्याच हातून झालेली.

“सिस्टर! तुम्ही परत आल्या का?”

“न्हाई गं. नवीन बाई कुठंय?”

“त्या बदली करून गेल्या. आता दुसऱ्या गावच्या येतात, आठवड्यातून एकदा. आज त्यांचा वार न्हाई. तरी बसले, कुणी आलं तर.”

बाळ तापलं होतं. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

“जल्दी ऊठ. भोकरदनच्या दवाखान्यात न्यावं लागंल.”

रिक्षात तिनं बाळाला उभं धरून छातीशी घेतलं. अपूर्व चुकला नव्हता. पण बावीस वर्षं ते दार उघडं होतं, हेही खरं होतं. त्याला पुरावा म्हणून तिच्याजवळ फक्त ती स्वतः होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. वेळेत आणलंत, म्हणाले. तृप्ती आत बाळापाशी थांबली. टेबलावरच्या तरुण नर्सनं विमलला विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

“मी सिस्...” ती थांबली. “कोणी न्हाई. सोबत आल्ते.”

“मग बाहेर बसा, मावशी.”

ती बाहेर बाकावर बसली. काचेतून आतलं दिसत होतं. ती नर्स रक्त घ्यायला बाळाच्या इवल्याशा मनगटावर शीर शोधत होती. पहिल्याच खेपेला शीर सापडली. रक्त घेऊन तिनं सुई काढली.

इकडं बाकावर विमलचा अंगठा मांडीवरच्या पदरावर घट्ट दाबलेला होता, सुई काढल्यावर कापूस दाबून धरावा तसा.